धानाच्या ढोल्यातली गिटार

वनिताताई माझ्या कारखान्याच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या गिटारमधून धान गळत होतं. आधी चार दाणे, मग ओंजळभर. आमची कोंबडी माझ्या आधी पुढं आली.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "ही बोलूनच नाही राहिली."

मी सानगडीत गिटारी बांधतो. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे पाहतात आणि मग माझ्या बायकोकडे, जरा काळजीनं. आमच्याकडे रंधा हाती घेतलेल्या माणसानं दिवाण करावेत, चौकटी कराव्यात. मीही केल्या. पण आता लहान अंगाची गिटार हाच माझा धंदा आहे. नेहमीच्या गिटारपेक्षा ती अंगानं आखूड, कमरेत बारीक आणि काखेत सहज मावणारी. पाठ सागवानाची. वरची पातळ फळी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची. ती मी मागवतो.

तिचा आवाज? मोठ्या गिटारला पोट असतं, त्यामुळे ती घुमते. लहान गिटारला घुमायला जागाच नाही. तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर हाक मारणारी बाई आठवा. आवाज मोठा नसतो, पण सरळ कानात जातो. तार छेडली की लगेच बोलते आणि बोलून झालं की गप्प बसते. हा दुसरा गुण माणसांतही दुर्मीळ आहे.

वनिताताई कोंढ्याच्या शिक्षिका. स्कूटीवरून पडून त्यांचा खांदा कायमचा आखडला आणि मोठी गिटार सुटली. म्हणून पावसाळ्यात त्यांच्यासाठी ही लहान बांधली. त्यांना गावच्या भजनमंडळात वाजवायचं होतं. मंडळ होतं देवरावजींचं. देवरावजी म्हणजे ताईंचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. पेटी त्यांची, शब्दही त्यांचा. नवी गिटार पाहून ते म्हणाले होते, "मोठी झाली का मंग आन हिले." शेवटी कबूल झाले की हनुमान जयंतीला एकदा वाजवून पाहू. पेटी-ढोलकीत ऐकू आली तर ठीक, नाहीतर ताईंनी पुन्हा मागच्या रांगेत झांजा धरायच्या.

हनुमान जयंती आठवड्यावर आली होती, आणि गिटार धान गाळत होती.

"ठेवली कुठं होती?" मी विचारलं.

"ढोल्यात."

ढोला म्हणजे धान साठवायची बांबूची लिंपलेली कणगी.

"काहून?"

"सासूबाईचा मोबाईल तलावात पडला होता जी. तांदळात ठेवला तर सुरू झाला. तुमी म्हटलं होतं ना, ओल लागू देऊ नका. तर त्या म्हने, मंग धानात ठेव."

"आणि उंदीर?"

"मांजर बसवली होती ना वर."

एवढी कडक व्यवस्था बँकेतही नसते. फक्त ढोला होता टिनाच्या छपराखाली आणि महिना होता एप्रिलचा. वर तापलेलं टिन, खाली कडक वाळलेलं धान, मध्ये माझी गिटार. पावसाळी हवेत बांधलेल्या लाकडातलं सगळं पाणी उडून गेलं होतं.

वरची फळी उलट्या तव्यासारखी जराशी फुगीर असावी लागते. ही आत बसली होती. फळी खाली गेली की तारा खाली येतात आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, घासतात. मग सूर जातो, भणभण उरते. मी बोटानं फळीवर टकटक केलं. चांगली फळी ढोलकीसारखी उत्तर देते. हिनं डब्यात खिळा वाजल्यासारखं दिलं. म्हणजे आतली एखादी पट्टीही सुटली होती.

"मेली का?" ताईंनी विचारलं.

"तहान लागली आहे तिला," मी म्हटलं.

आता लाकडाला पाणी पाजायचं तर घाई चालत नाही. एकदम ओल दिली तर फळी तडकते. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवून ती मी गिटारच्या पोटात टांगली. आणि घरातला एकुलता एक कुलर उचलून गिटारच्या खोलीत नेला. तोंड भिंतीकडे, वारा मंद. आम्ही नवरा-बायको आंब्याखाली खाट टाकून बसलो.

"लग्नाले इतकी वर्षं झाली," रेखा म्हणाली, "माह्यासाठी कधी खोली थंड नाही केली."

"तू फळीसारखी आत नाही बसलीस ना अजून."

ती तीन-चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तेवढ्यात फळी वर आली.

उरली सुटलेली पट्टी. फळीला आतून बारीक लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या तिला वाकू देत नाहीत आणि कुठं किती थरथरायचं तेही ठरवतात. आरसा घालून पाहिलं तर एक पट्टी टोकाला उचलली गेली होती आणि फटीत धानाचा एक दाणा दिमाखात बसला होता. माझा हात काही त्या लहान तोंडातून आत जाईना. मी रेखाकडे पाहिलं.

"आता आली का आठवन," तिनं बांगड्या काढल्या.

तिचा हात गिटारच्या पोटात, माझ्या हातात आरसा आणि टॉर्च.

"डावीकडं."

"तुमची डावी का माही डावी?"

"गिटारची."

"गिटारले कुठं डावी-उजवी? निघाला बघा तुमचा पाहुना."

दाणा निघाला. तिनंच बोटानं फटीत सरस भरला, खालून टेकू लावला. दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या आणि टकटक केलं. ढोलकीनं उत्तर दिलं. रेखा कुलर तेवढा उचलून घेऊन गेली.

गिटार न्यायला ताई आल्या तेव्हा मी एकच सांगितलं. "पेटीशी भांडू नका. पेटी श्वास न घेता बोलते, तिच्यावर ओरडून उपयोग नाही. ओळ संपते ना, तिथं वाजवा. ही झटकन बोलते, तेवढी जागा तिला पुरे."

जयंतीच्या संध्याकाळी मी आणि रेखा कोंढ्याला मारुतीच्या पारावर मागं बसलो. देवरावजींनी भाता असा ओढला की पहिल्या भजनात गिटार कुठं आहे ते फक्त डोळ्यांनाच कळत होतं. दुसऱ्या भजनात ताईंनी ओळीच्या मध्ये वाजवणं सोडलं. ओळ संपली, पेटी क्षणभर थांबली, आणि त्या सांदीत चार सूर टपटप पडले. पुन्हा ओळ, पुन्हा चार सूर. मागं बसलेल्या सासूबाईंना कानानं कमी येतं. त्या शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "हे माह्या ढोल्यातली आहे."

लोक हसले. देवरावजी हसले नाहीत. पण पुढच्या कडव्याला त्यांनी भाता हळू केला, मग अर्धी ओळ थांबलेच. ती अर्धी ओळ गिटारनं एकटीनं म्हटली.

भजन संपल्यावर ते म्हणाले, "तिकडं काहून बसली? सतरंजीवर पुढं ये. पेटीजवळ."

ताई उठून पुढं बसल्या. गिटार मांडीवर घेताना तिरकी झाली आणि तिच्या पोटातून एक दाणा सतरंजीवर पडला. मी रेखाकडे पाहिलं. रेखानं आभाळाकडे पाहिलं.

देवरावजींनी दाणा उचलला, शेतकरी धान वाळलं का पाहतो तसा दातांखाली धरला. कट्ट वाजलं.

"वाळलं बा मस्त," ते म्हणाले. "आमचंबी टाकू यंदा ह्याच ढोल्यात."

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला गिटार देताना मी ओल, ऊन वगैरे काही सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की एप्रिलच्या दुपारी तुम्ही स्वतः जिथं बसाल तिथं तिला ठेवा. कुलरचं मात्र तुमच्या घरी बोलून घ्या.