दोन रांगांचं मैदान

हाळीपुरात फुटबॉल आणला तो भुजंग सोनकांबळे सरांनी. त्याआधी गावाला कुस्ती ठाऊक होती, कबड्डी ठाऊक होती आणि जत्रेतली हाणामारी तर पाठच होती. मुखेडकडचा हा माणूस नांदेडला शिकायला गेला, तिथं चेंडूच्या नादाला लागला आणि हाळीपूरच्या कॉलेजात खेळाचा मास्तर होऊन आला. गावानं त्याचं आडनाव पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं आणि नंतर सोयीनं विसरून टाकलं. मग तो नुसता 'फुटबॉल सर' झाला.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं सरकारी गायरान. मुरूम, काटे आणि फुफाटा. सरांनी पोरांकडून दगड वेचून घेतले, बाभळीचे खांब रोवले आणि एका गोलमागं रांजण पुरला. सरावाला येताना ज्यानं त्यानं घरून कळशीभर पाणी आणायचं आणि त्यात ओतायचं, हा नियम. थोडं पाणी फुफाट्यावर शिंपडायला, बाकीचं प्यायला. पाटलाच्या विहिरीचं आणि गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीवरच्या आडाचं पाणी एकाच रांजणात. कुणाचं कुठलं, ते पाण्यालाही सांगता येऊ नये, असा सरांचा हिशेब होता. बोलून मात्र कधी दाखवला नाही.

पाटलाचा नरसिंग सुरुवातीला रांजणाला शिवेना. सर त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. नुसतं पळवलं. ऊन डोक्यावर आलं तसा तो तोंड पुसत पुसत शेवटी रांजणावर पालथा पडला.

"कसं लागलं?"

"गार हाय, सर."

शेजारी वस्तीवरचा केरबा, टीमचा गोलकीपर, फिदीफिदी हसला. "पाटील, आमच्या आडाला गूळ असतो म्हून सांगितलं न्हवतं का?" नरसिंगनं त्याच्या तोंडावर चूळ मारली. तिथून ती जोडी जमली. पुढं नांदेडच्या सामन्यांत हाळीपूरच्या पोरांनी मोठ्या कॉलेजांचा घाम काढला.

मग लातूर जिल्हा झाला. मिठाई वाटली गेली आणि दुसऱ्या महिन्यापासून टेप घेतलेले साहेब मैदानात हिंडू लागले. कुणाला गोदाम हवं, कुणाला क्वार्टर, कुणाला नुसतीच जागा. सरांचा जीव खालीवर व्हायला लागला. मैदान गेलं तर टीम गेली, आणि टीम गेली तर आपण हाळीपुरात आलो कशाला, हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. ते किशनराव आबांकडं गेले. नगरपालिका आबांच्या ओसरीवरून चालायची.

"सर, मैदान मागून गावत न्हाई," आबा सुपारी कातरत म्हणाले. "आत येऊन घ्यावं लागतंय. इलेक्शनला उभं ऱ्हावा. पोरं हायत तुमच्यामागं."

"आबा, मला राजकारणातलं काय कळतंय?"

"शिट्टी कळती ना? बास झालं."

घरी आल्यावर त्यांची बायको महानंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा वार्ड राखीव झालाय. आबाला मान हलवणारा माणूस पायजे. फुटबॉलसाठी न्हाई बोलावलं तुमाला."

"अगं, मैदान वाचतंय ना?"

"वाचू द्या की. पण खेळाडू कोण अन् चेंडू कोण, तेवढं बगून घ्या."

पोरांनी भिंती रंगवल्या, गल्ल्या पिंजून काढल्या. सर निवडून आले. वस्तीनं त्यांना खांद्यावर घेतलं. केरबाची आई सरजाबाई, जिनं उभ्या जन्मात कुणा पुढाऱ्याला ओवाळलं नव्हतं, तिनं त्यांना ओवाळलं. "आता आमचा माणूस आत गेला," ती म्हणाली. सरांचे डोळे भरून आले होते, हे खोटं नव्हे.

पुढच्या साली पाऊस फिरकलाच नाही. ज्वारी वीतभर येऊन करपली, दिवाळीलाच आड तळाला गेले. टँकर आला आणि उभा राहायला मोकळी जागा एकच, सरांचं मैदान. तिथं घागरीला घागर लागली आणि शिव्या सुरू झाल्या. एक दिवस वस्तीवरच्या बाईची घागर लाथेनं उडवली गेली, आणि मग काठ्या निघाल्या.

आबांनी सरांना बोलावून घेतलं. "पाणी समिती तुमच्याकडं. उद्यापासून दोन टँकर, दोन रांगा. एक गावाची, एक वस्तीची. भांडण खतम."

"माझ्या मैदानात, आबा?"

"मैदान अजून तुमचं कुठं झालंय? पुढच्या मिटिंगला ठराव येतोय. खेळाचं मैदान, कायमचं. आता तुमीच बगा."

सरांनी जे विचारलं ते भलतंच. "पाणी तर एकच ना?"

"एकाच विहिरीचं. पाण्यात बी जात असती का, सर?" आबा हसले.

घरी जाताना सर स्वतःला समजावत गेले. सरावाला आपण दोन गट पाडतोच की. वस्तीला तिचा टँकर मिळेल, कुणी लाथ मारणार नाही. उन्हाळ्यापुरतं. आणि मैदान कायमचं. असं समजावलं की माणसाला आपलंच म्हणणं पटतं.

सकाळी गलक्यात आवाज पोचेना, म्हणून सरांनी शिट्टी फुंकली. गर्दी गप्प झाली. "गाववाले इकडं. वस्ती तिकडं."

केरबा आईच्या दोन घागरी घेऊन मधोमध उभा होता. "सर, मी कुठं थांबू?"

"तात्पुरतं हाय, केरबा."

"ते न्हाई इचारलं. मी कुठं थांबू?"

"उगा तमाशा करू नको."

"तुमी हात दाखवा, सर. मी जातो."

सरांनी हात दाखवला. केरबा तिकडं गेला. नरसिंग गावाच्या रांगेत होता. त्यानं मान खाली घातली, पण रांग सोडली नाही.

ठराव झाला. मैदानावर पाटी लागली, नारळ फुटला, आबांनी खेळाचं महत्त्व सांगितलं. सरांच्या गळ्यात हार पडला. गावचा टँकर येता-जाता नगरसेवकाच्या दारातलं पिंपही भरून जाऊ लागला. महानंदा ते पाणी भरून घ्यायची आणि पिंपावर झाकण आदळून आत जायची.

महिन्याभरात नांदेडचे सामने आले. सरावाला गावातली पोरं आली, ज्याची त्याची बाटली घेऊन. रांजण कोरडा. वस्तीवरचं एकही नाही.

"नरसिंग, केरबा कुठाय?"

"मला कामून इचारता, सर? त्याची रांग तुमाला ठाऊक हाय."

गोलकीपरशिवाय काय खेळणार? सर त्याच पावली वस्तीवर गेले. निवडून आल्यावर तिकडं जाणं तसं कमीच झालं होतं. सरजाबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं पदर सावरला, पण उठली नाही.

"सरजाबाई, केरबा हाय का?"

"हाय की घरात. येणार न्हाई."

"नांदेडला जायचंय. त्याच्यासाठीच तर मी हे मैदान..."

"मैदान लई चांगलं झालं म्हंत्यात, दादा. पाटी बी लागली." तिनं सूप बाजूला ठेवलं. "उन्हाचं आलाव. पाणी घ्या."

आत खाटेवर केरबा पाठ करून पडला होता. हलला नाही. सरजाबाईनं तांब्या पुढं केला. "आमच्या रांगंचं हाय. चालंल ना तुमाला?"

"असं काय बोलता, बाई," म्हणत सरांनी तांब्या तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला थांबले. पाणी खारट होतं. माळावरच्या बोअरचं, ज्यातून गुरंसुद्धा तोंड काढून घ्यायची. तोंडातला घोट गिळावा की थुंकावा, त्यांना कळेना. सरजाबाई बघत होती. त्यांनी गिळला.

"हे... रोज हेच येतं?"

"तुमाला ठाऊक न्हाई व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरीचं नवल होतं. "आमाला वाटलं, तुमी चाखूनच शिट्टी मारली आसंल."

सरांनी तांब्या खाली ठेवला नाही. ठेवता येईना. उरलेलं पाणी ते घोट घोट पीत राहिले, आणि सरजाबाईनं पुन्हा सूप ओढून घेतलं.