पत्र्याचा मांडव

सकाळचे दहा वाजले होते आणि अंगणातल्या कोब्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. माझ्या लेकीच्या, रसिकाच्या हळदीचा दिवस. तळव्यांतून ऊन वर चढत होतं, डोक्यावरच्या पत्र्यातून खाली उतरत होतं, आणि त्या दोन उन्हांच्या मधे आम्ही माणसं पिवळी होऊन घामाने निथळत होतो. वैशाख काय आम्हाला नवा आहे? पालेगावात माझं सारं आयुष्य गेलं. पण पूर्वीच्या वैशाखाला संध्याकाळ तरी असायची. डोंगराकडून वारा निघायचा आणि भाताच्या उघड्या खाचरांवरून थेट आमच्या ओटीवर यायचा. आता तो वाटेतल्या इमारतींना पत्ता विचारत येतो आणि बहुधा पोचतच नाही. भिंती दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर ते सावकाश बाहेर सोडतात. प्रत्येक खिडकीतला एसी आतल्यांना गारवा देतो आणि आतली ऊब गल्लीत ओततो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर वाढता वाढता एकमेकांना भिडली, आणि मधली जी जमीन सूर्य मावळल्यावर निवायची, तीच नाहीशी झाली. हे मला आज इतकं नीट सांगता येतं. जमीन विकताना सांगता येत नव्हतं.

हो, आमचं खाचर मीच विकलं. तिथे आता चार टॉवर आहेत. त्यांत राहणाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्यांना घर हवं होतं, मलाही पक्कं घर हवं होतं. अंगणातला कोबा मात्र निव्वळ माझी हौस. लेकीच्या लग्नात धूळ नको, व्हिडिओत सगळं कसं चकचकीत दिसावं! आमच्याकडे लग्न ठरलं की अंगण शेणाने सारवायचं, बांबू रोवायचे आणि वर जांभळीचे हिरवे डहाळे अंथरायचे, ही रीत. त्या मांडवाची सावली ओलसर असे, तिला पानांचा वास असे. मी पत्र्याची शेड उभारली, तिन्ही बाजूंनी झालरीचं कापड लावून वाऱ्याची वाट बंद केली आणि दोन मोठाले कूलर आणले. आमच्या दमट हवेत कूलर म्हणजे घामात आणखी पाणी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाहुणे म्हणत होते, "शेठ, सोय भारी केलीत," आणि मला बरं वाटत होतं. खोटं का बोलू?

बायजाआत्याने तेवढं एकदा वर पत्र्याकडे पाहिलं. आत्या आमची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणाऱ्या बाईशिवाय विधी पुढे सरकत नाही. माझ्या लग्नात तीच गायली होती. आता सत्तरी उलटलेली, बदलापूर गावातून रिक्षाने आलेली ही बाई रसिकाच्या पाटाशेजारी बसून डोळे मिटून गात होती. तिच्या गाण्यातला मांडव हिरवागार होता. डोक्यावर पत्रा कडकडत होता. असं विसंगत काही कानांवर पडलं की माणसाने शहाणं व्हावं. मी कूलरचा वेग वाढवला.

तिसऱ्या धवल्याच्या मध्यावर तिचा आवाज थांबला आणि ती बसल्या जागी कलंडली. आम्ही धावलो. कुणी पाणी शिंपडलं, कुणी पदराने वारा घातला. ती डोळे उघडते तोच माझा भाऊ म्हणाला, "आत्या, तू घरात पड. पुढचं मोबाईलवर लावतो, सगळे धवले असतात त्यात."

"मोबाईल आशीर्वाद देल का?" आत्या क्षीण आवाजात म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाला, यो मांडव हाय का भट्टी? मना झाराखाली नेव. धवला अर्ध्यान सोराचा नाय."

"आत्याशिवाय मी पुढची हळद लावून घेणार नाही," रसिका पाटावरून म्हणाली. ती माझीच लेक. एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं.

झाड! मी डोळ्यांपुढे सारी आळी आणली. एकाच्या दारात गाडी, दुसऱ्याच्या दारात कोबा, तिसऱ्याकडे गाळे. आठवली ती एकच जांभूळ, आमच्या खाचराच्या बांधावरची. टॉवर बांधणाऱ्यांनी ती बागेत राखली होती. ज्याला आम्ही शेत विकलं, त्याने झाड ठेवलं आणि मी अंगणही बुजवलं, हे त्या घटकेला मला फार लागलं.

आत्याला रिक्षात घालून टॉवरच्या फाटकाशी नेलं. वॉचमनने विचारलं, "कुणाकडे जायचंय?" मी झाडाकडे बोट दाखवलं. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंना फोन लावला. त्या खाली आल्या, आत्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "आधी बसवा त्यांना." मीठसाखरेचं पाणी त्यांनीच आणलं. सावलीत पाठ टेकल्यावर हळूहळू आत्याच्या डोळ्यांत जीव आला. तासाभराने हळदीने माखलेली रसिका बायकांबरोबर चालत आली, पाट मांडला गेला, आणि जिथे धवला तुटला होता नेमका तिथूनच आत्याने तो उचलला. बाल्कन्यांमध्ये माणसं उभी राहिली.

मी पुढे होणार तोच वॉचमनने वही सरकवली. "साहेब, गडबडीत राहिलं. नियम आहे." मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग 'कोणाकडे' हा रकाना आला. तो मी कोराच ठेवला. 'येण्याचे कारण' या रकान्यात 'सावली' असं लिहिलं, आणि ज्या बांधावर मी लहानाचा मोठा झालो, तिथे पाहुणा म्हणून सही केली.