हात न लावता केलेले निदान

देवासहून आलेल्या माणसाने डॉक्टर गेल्याचे सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवल्या त्या काकू. त्यांना हे कोणी कळवायचे? अमझेऱ्याच्या वाटेवरच्या त्या झोपड्यांकडे आमच्या घरातले कोणी जात नाही. डॉक्टर जात. आता जाणे मलाच भाग होते...

डॉक्टर माझे स्नेही झाले ते फार पुढे. खरे तर एका निदानापायी ते आमच्या घराचे वैरी व्हायचे, पण त्याच निदानाबद्दल आम्ही त्यांना शेला-नारळ दिला होता. काकूंच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांतून पांढरा कोंडा गळू लागला, तेव्हा हे तरुण डॉक्टर धारला नवे होते. दरबारात मानाचे आमचे घर. परपुरुषाने बाईला हात लावणे कसे चालेल? काकूंनी दाराआडून कोपर तेवढे दाखवले आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे काकांनी दिली. डॉक्टर म्हणाले, महारोग. काकूंना गावाबाहेर, अमझेऱ्याच्या वाटेवरच्या महारोग्यांच्या झोपड्यांत ठेवले. वर्ष उलटायच्या आत काकांनी दुसरे लग्न केले. त्या लग्नात मीही पोटभर जेवलो, याची आज लाज वाटते.

पुढे डॉक्टरांची देवासला बदली झाली. तिथे कन्नौदचा एक हमाल तसेच चट्टे घेऊन आला. हमालाला हात लावायला कोणाची आडकाठी नव्हती. महारोगात चट्टा बधिर होतो. या माणसाला तर कापूस टेकवलेलाही कळत होता. डॉक्टरांनी पुस्तके उपसली, तेव्हा सोरायसिस हे नाव सापडले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही तिथेच वाचले. ते तडक धारला आले आणि मला घेऊन झोपडीत गेले. काकूंना डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, चट्ट्यावर कापूस टेकवला.

“मालूम पडतंय,” काकू म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून सगळं मालूम पडतंय, डॉक्टरसाहेब. कोणी विचारलंच नाही.”

डॉक्टर तिथेच मातीत बसून रडले. मग घरी येऊन काकांची माफी मागितली, काकूंना परत आणा म्हणून विनवले. झाले गेले गंगेला मिळाले, असे म्हणून काका आत निघून गेले. मी डॉक्टरांसाठी टांगा आणायला बाहेर पडलो.

त्यानंतर डॉक्टरांनी या रोगाचा पिच्छा सोडला नाही. जिथे अशा झोपड्या, तिथे ते कापूस घेऊन हिंडले आणि काकूंसारखी आणखी माणसे त्यांना सापडली. कोणाकोणाच्या बोटांचे सांधे सुजलेले असत. त्या सुजेचा नि चट्ट्यांचा काय संबंध, हे ते अखेरपर्यंत शोधत होते. मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाकडे त्यांनी निबंध पाठवला. त्याची सुरुवातच स्वतःच्या चुकीने होती. संपादकांनी ती गाळायला सांगितली.

“ती गाळली तर सांगण्यासारखं उरतं काय?” असे मला विचारून त्यांनी निबंध परत मागवला.

मी झोपडीत जाऊन काकूंना डॉक्टर वारल्याचे सांगितले. मग त्यांनी भिंतीशी उभा केलेला पाट घेतला आणि आपल्या पाटाला अगदी लागून मांडला. डॉक्टर आले की त्यावर बसत, काकूंनी भाजलेली बाटी खात.

“बस, बापू,” त्या म्हणाल्या.

मी शिकलेला माणूस. डॉक्टरांच्या निबंधाची नक्कल माझ्याच हातची. तरी बसता बसता मी तो पाट वीतभर मागे ओढला. पाट घासल्याचा आवाज काकूंनी ऐकला, आणि पदर सावरून त्या स्वतःच आणखी मागे सरकल्या.