फुकटच्या क्लासमधला एक्का-गुलाम

ती केस आठवली की आजही माझे कान तापतात. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी फार वर्षं काढली नाहीत. राजीनामा दिला, आणि आता जुगाराविरुद्ध पत्रकं वाटत गावोगाव फिरतो. एवढी चांगली नोकरी का सोडली, असं लोक विचारतात. कारणं बरीच आहेत, त्यातलं हे एक. खटला अजून चालू आहे, म्हणून नाव कुणाचंच देत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. कामथडीकडचा एक टेम्पोवाला बायकोला घेऊन ठाण्यात आला. वय तिशीच्या आत. वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि डेअरीला पोचवायचे, हा त्याचा धंदा.

"टेम्पो चोरीला गेला," तो म्हणाला.

"कुठून?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"दारातनं."

"कुत्रं भुंकलं?"

"न्हाई."

"काच फुटलेली सापडली?"

"न्हाई जी."

ज्याची गाडी जाते तो माणूस ठाण्यात येऊन आधी आम्हालाच झापतो. गस्त कुठं गेली होती, हप्ते कशाचे खाता, सगळं ऐकवतो. हा मान खाली घालून नखं कुरतडत होता. बोलत होती ती बायको.

"साहेब, आज दूध गेलं न्हाई. उद्या बी न्हाई गेलं तर लोक दुसरा टेम्पो लावत्याल. एकदा लावला की पुन्हा आमच्याकडं कशाला येत्याल? घर त्या टेम्पोवर चालतंय."

नंबर घेतला, बिनतारी संदेश सोडला, दोघांना थांबवून ठेवलं.

दुपारी पालीहून फोन आला. राजगड चढायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणारा आमचा एक ओळखीचा माणूस. "साहेब, फाट्याच्या पुढच्या फार्महाऊसवर ताडपत्रीखाली टेम्पो उभा हाय. कॅनच्या फळ्या दिसल्या म्हणून वळखला. दुधाची गाडी हितं कशाला येईल?"

आम्ही गेलो. टेम्पो तोच. कुलूप शाबूत, आणि चावी राखणदाराच्या खिशात!

"चोरी कसली साहेब?" राखणदार उलट आमच्यावरच चिडला. "टेम्पोवाल्यांनीच आपल्या हातानं पाव्हण्यांना दिली की चावी. पत्त्यात हरले न्हवं काल."

पंच बोलावले, पंचनामा केला, टेम्पो ठाण्याच्या आवारात आणून लावला. खोटी खबर दिली म्हणून टेम्पोवाल्यावरच कारवाई होऊ शकते, हे मी त्याला रोखठोक सांगितलं. राखणदाराचं म्हणणं ऐकून बायको नवऱ्याकडे वळली.

"पत्त्यात?"

"तीन पत्ती न्हाई गं. पोकर हाय. डोक्याचा खेळ असतोय त्यो."

"मग डोकं कुटं ठेवलं हुतं?"

हवालदारकाकांनी हसू आवरायला तोंड फिरवलं. मला हसू येत नव्हतं. मी विचारलं, शिकलास कुठं? तर म्हणे, भोरला एसटी डेपोजवळ एक सर क्लास घेतात. गावाकडच्या पोरांना फुकट. "देवमाणूस हाय साहेब. सरांचा काय बी दोष न्हाई. माजंच नशीब फुटकं. पान तर लई चांगलं हुतं. एक्का-गुलाम."

"आणि आधी कधी हरलास?"

"हरलो की दोन-चारदा. पर पानं चांगलीच असायची. एकदा राजा-गुलाम. एकदा राणी-गुलाम."

हवालदारकाका मागून म्हणाले, "च्यायला, हा सदा चांगल्या पानावरच कसा हरतो?"

त्यांच्या त्या वाक्यानं केस फिरली. मला पोकरमधलं ओ का ठो कळत नव्हतं. सायबरला असलेल्या माझ्या एका मित्राला फोन लावला. त्यानं सोपं करून सांगितलं. प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते असतात, बाकीचे टेबलावर सगळ्यांचे मिळून. एक्का-गुलाम दिसायला राजबिंडी जोडी. पण समोरच्यानं सुरुवातीलाच मोठी बोली लावली, तर त्याच्याकडे बहुतेक एक्का-राजा नाहीतर एक्का-राणी असते. टेबलावर एक्का आला की दोघंही खूश. मग दुसऱ्या पत्त्यावर निकाल लागतो आणि गुलामवाला साफ होतो. राजा-गुलाम, राणी-गुलाम या चित्रांच्या जोड्यांचंही तसंच. "फालतू पानावर कुणी मरत नाही रे," मित्र म्हणाला. "ते लोक फेकून देतात. माणूस मरतो तो जरा बऱ्या पानावर. मुरलेला खेळाडू अशा वेळी एक्का-गुलाम टाकून मोकळा होतो."

मी टेम्पोवाल्याला विचारलं, "समोरून मोठी बोली आली तर या जोडीचं काय करायचं? सरांनी काय शिकवलं?"

तो पोरानं पाढा म्हणावा तसा म्हणाला, "चित्राला चित्र, सोडू नये मित्र. एक्का बी चित्रातच धरायचा. समोरचा जोर करतोय म्हंजी तो घाबरलाय. आपुन दुप्पट जोर करायचा."

पत्ते पिसताना हातचलाखी करणारे मी पकडले होते. खुणेचे पत्ते जप्त केले होते. पण हे सर पत्त्याला हात न लावता थेट पोरांच्या डोक्यातच खूण करून ठेवत होते? संशय होता, पुरावा शून्य. आणि फिर्यादी म्हणत होता, सर देवमाणूस.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाठवलेली नोटीस घेऊन सर हजर झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गोड बोलणं. "ग्रामीण मुलांना संधी मिळावी एवढीच तळमळ. मी एक रुपया घेत नाही, साहेब. फार्महाऊसवर कोण काय खेळतं याच्याशी माझा संबंध नाही."

धाकदपटशानं हा माणूस बोलणार नव्हता. मी बाजारातून पत्त्यांचा कोरा जोड मागवला आणि म्हणालो, "सर, आम्हालाही शिकवा की. केस समजायला बरं पडेल." माणसाला गुरू केलं की तो सावधपणा विसरतो, हे मी ठाण्यात शिकलो. चहा आला. पैशांच्या जागी काड्यापेटीतल्या काड्या. मी, हवालदारकाका आणि सर. टेम्पोवाला समोर बाकावर. पत्ते मीच वाटत होतो, तिसऱ्या डावाचे आधीच लावून ठेवले होते आणि काकांना सांगून ठेवलं होतं, तिसऱ्या डावाला सगळ्या काड्या पुढं ढकला.

दोन डाव सर रंगात येऊन समजावत होते. तिसऱ्या डावाला काकांनी काड्या ढकलल्या. सरांनी आपले दोन पत्ते किंचित उचलून पाहिले, पालथे टाकून दिले आणि चहाचा कप उचलला.

मी ते पत्ते उलटे केले. इस्पिकचा एक्का, बदामचा गुलाम.

"सर," टेम्पोवाला उभा राहिला. "ही पानं तुमी टाकली?"

"अरे, समोरून एवढी बोली आल्यावर हे कोण खेळेल?" सर सहज बोलून गेले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, विचारतंय कोण.

"मला तर तुमी..." एवढंच बोलून तो खाली बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिवून घ्या साहेब. सगळं सांगतो."

सरांची पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. मला टेम्पोवाल्याची फिर्याद हवी होती, ती मिळाली. सरकारी वकिलांनी तरी नाक मुरडलंच. "साहेब, चुकीचं शिकवणं गुन्हा ठरवलात तर निम्म्या क्लासना कुलूप लागेल." त्यांचं बरोबर होतं. म्हणून टेम्पो जिंकणाऱ्या दोन पाहुण्यांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. दोघं पुण्याचे. त्यातला एक लवकर ढिला पडला.

"आम्हीपण सरांचेच विद्यार्थी. पुण्याच्या बॅचचे, फी भरून शिकलो. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समोरून जोर आला की एक्का-गुलाम फेका."

"आणि भोरच्या बॅचला?"

"त्यांच्याशी आमची प्रॅक्टिस असते. जिंकलं की सरांचा वाटा ठरलेला."

वाचा पुन्हा. एकच तोंड, दोन शिकवण्या! पैसे भरणाऱ्याला खरी, गावच्या पोराला खोटी, आणि ती खोटी फुकट. फी घेतली असती तर पोरांनी निदान एकदा तरी विचारलं असतं, मास्तर, पैसे कशाचे घेता? फुकट म्हणून पाया पडत होती. मोबाईलवर पत्त्यांच्या खेळांच्या जाहिराती दिवसभर ‘स्किल’ ‘स्किल’ म्हणून ओरडतात ते हेच का? मी फसवणुकीचं कलम लावलं, जुगाराचं लावलं. त्या आठवड्यात भोरच्या बॅचमधली आणखी पोरं जबाब द्यायला आली आणि प्रत्येकानं तेच यमक म्हणून दाखवलं. टेम्पोवाल्याची खोटी खबर मी वरिष्ठांना सविस्तर कळवली. समज देऊन त्याला सोडलं.

कोर्टाच्या हुकमानं टेम्पो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू या हमीवर, सुटला त्या दिवशी नवराबायको ठाण्यात आली. त्यानं सही केली, चावी घेतली. बायको टेम्पोतल्या फळ्या पुसायला गेली, तसा तो माझ्याजवळ सरकला.

"साहेब, येक इचारू? तुमच्या त्या मित्राला ठावं असंल. एक्क्यासंगं मग कंचं पान असलं की खेळायचं?"

डोळे लकाकत होते त्याचे. त्याच्या लेखी खेळ वाईट नव्हता, शिकवणी तेवढी चुकीची होती.

बायकोनं ऐकलं होतं. ती सरळ आली आणि हात पुढं केला. "चावी."

"अगं, म्या सहज..."

"चावी द्या."

त्यानं दिली. ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. दारावरचा शिपाई म्हणाला, "बाई, लायसन हाय का?" "हाय. दावू का?" म्हणाली आणि नवऱ्याला शेजारी बसायची खूण केली. टेम्पो फाटकातून बाहेर पडला तो कामथडीच्या रस्त्याला लागला.

गुन्हेगार पकडला की केस संपली, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते अर्धंच खरं निघालं. फसवणारा कोठडीत गेला तरी त्यानं लावलेली चटक फिर्यादीबरोबर घरी जाते, आणि तिच्यासाठी माझ्याकडे कलम नव्हतं. आता आमच्या मोहिमेतले उत्साही कार्यकर्ते म्हणतात, कुठली पानं धोक्याची ते पत्रकात छापू, पोरं सावध होतील. मी छापू देत नाही. या लेखात पानांची जी दोन-तीन नावं आली ती केससाठी आली. कॉलेजात बोलायला गेलो की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, "सर, मग चांगलं पान कुठलं?" मी त्याचं नाव विचारतो, आणि कार्यक्रम संपल्यावर आधी त्याच्याशी बोलायला जातो.