आठ बार गप्प

माझे वडील फौजेच्या बँडमध्ये तिसरं क्लॅरनेट वाजवायचे. वडूजमध्ये हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "तिसरं म्हंजी?" मग समजावून सांगावं लागे की पहिल्याकडे चाल असते, दुसरं त्याला धरून चालतं आणि तिसरं खाली राहून टेकू देतं. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणायचा, "म्हंजी पिपाणीच की!" आप्पा हसायचे. मला त्या माणसाचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर थोडा आप्पांचाही यायचा.

सुट्टीवर आले की आप्पा रोज सकाळी अंगणात वाजवायला बसत. त्यांच्या आवडीचा तुकडा एकच, एका हलक्याफुलक्या बॅलेमधला. कुणा संगीतकाराने तिकडच्या जुन्या विनोदी संगीत नाटकांतली गाणी घेतली, त्यांतले शब्द काढून टाकले आणि नुसत्या चाली एकमेकींना जोडून नाचासाठी सलग संगीत तयार केलं. पुढे फौजी बँडनेही ते उचललं. आईचं माहेर सांगलीचं, तिच्या घरात नाट्यपदांचं वेड. तिला हा प्रकार कधीच पटला नाही. "गाणी ठिवली आणि शब्द टाकून दिलं? मग नाटकाचं ऱ्हायलं काय?" असं ती भाकरी थापता थापता विचारायची. तरी आप्पांचा तुकडा तिला आमच्याइतकाच पाठ होता.

पाचवीत असताना मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये इंग्रजी गाणं म्हणणार असं जाहीर करून टाकलं. स्टेजवर गेले आणि आप्पा वाजवायचे तसं तोंडाने सुरू केलं, "पॅं-पॅं, पॅं-पॅं, पॅं." मग गप्प उभी राहिले, कारण आप्पाही तिथे गप्प बसायचे. आठ बार. बँडच्या भाषेत बार म्हणजे मोजणीचा एक तुकडा. तसे आठ तुकडे तिसऱ्या क्लॅरनेटने वाजवायचं नाही, मनात मोजत राहायचं, ती त्याची रेस्ट. मी फ्रॉकच्या मागे बोटांवर मोजत होते. लोकांना वाटलं, पोरगी विसरली. पडद्याआडून बाई "पुढचं म्हण, पुढचं म्हण" करत होत्या. मी आठ पूर्ण झाल्यावरच पुन्हा "पॅं-पॅं" केलं, तेव्हा सगळं पटांगण हसून हसून लोळायचं बाकी होतं. टाळ्या वाजवल्या फक्त आप्पांनी. घरी जाताना म्हणाले, "रेस्ट बराबर मोजलीस."

त्याच उन्हाळ्यात आप्पांनी मला आणि आईला त्यांच्या छावणीत नेलं. तिथे मी तो तुकडा पहिल्यांदा अख्ख्या बँडकडून ऐकला. त्याला चाल होती! खट्याळ, उड्या मारत जाणारी, ऐकताच पाय हलायला लागावेत अशी. मी स्टेजवर जे म्हटलं होतं ते त्या चालीच्या खाली कुठेतरी गाडलेलं होतं, कितीही कान दिला तरी सापडेना. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्यात ह्यांचं कंचं?" बँड थांबल्यावर तिने तेच आप्पांनाही विचारलं. परतताना बसमध्ये मी आप्पांना म्हणाले, "तुम्ही गाणं वाजवतच नाही." दहा वर्षांची होते, पण लागावं म्हणूनच बोलले होते. आप्पा म्हणाले, "व्हय, बराबर हाय," आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

ते वाक्य मी विसरले नाही. त्याबद्दल कधी माफीही मागितली नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही.

आता मी सांगलीला गणित शिकवते आणि आप्पा वडूजला असतात. गेल्या वर्षी त्यांच्या बोलण्यात "आं? काय म्हणलीस?" वाढलं, म्हणून साताऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, खालचे अजून आहेत, पण तेही हळूहळू जातील. यंत्राने बोलणं बरंचसं कळेल, संगीताची खात्री नाही. गाडीत बसल्यावर आप्पांनी काच वर केली. मग म्हणाले, "आमचं ते वाजवणं एकदा सबंध ऐकायचं हुतं गं. वाजवताना कवा ऐकलंच न्हाई. सगळं ध्यान मोजण्यात."

मी त्याच आठवड्यात रेकॉर्डिंग शोधायला लागले. इंटरनेटवर पाच सापडली. शिक्षिकेची खोड, दोन गोष्टी समोर आल्या की गुण द्यायला हात शिवशिवतो. मी वही केली. एक अगदी नवं, मोठ्या ऑर्केस्ट्राचं, इतकं स्वच्छ की बासरीवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण त्याची घाई अशी की नाचणाऱ्यांचे पाय मोडावेत. दुसरं जुनं, ज्याने या चाली जुळवल्या त्याच्याच हाताखाली वाजवलेलं. ते मला सगळ्यांत आवडलं. त्यात प्रत्येक थट्टेनंतर किंचित थांबणं आहे, लोकांना हसायला जागा ठेवल्यासारखं. त्याला मी दहापैकी नऊ दिले. मधली दोन धड ना चांगली, ना वाईट. शेवटचं कुठल्याशा फौजी बँडचं, घुमणाऱ्या हॉलमध्ये केलेलं, सगळं कोंदट आणि मधेच कुणीतरी खोकतंय. त्याला तीन, तेही उदार होऊन.

पण पाचांतल्या एकातही मला आप्पांचं "पॅं-पॅं" सापडत नव्हतं. हेडफोन लावून महिनाभर कान ताणले. नंतर वाचताना कळलं, ऑर्केस्ट्रात साधारणपणे दोनच क्लॅरनेट असतात. तिसरं असतं ते बँडमध्ये! मी गणिताची बाई, आणि जिथे तिसरा नाहीच तिथे त्याला मोजत बसले होते. आणि एकुलत्या एका बँडला तीन गुण देऊन नापास केलं होतं. स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी दुपारी वडूज गाठलं. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी स्पीकर आप्पांच्या काळ्या फौजी ट्रंकेवर ठेवला आणि आधी माझं लाडकं, नऊ गुणांचं लावलं. आप्पा शेवटपर्यंत ताठ बसून राहिले आणि म्हणाले, "छान हाय." पाहुण्यांकडचा फिका चहा पिऊन म्हणतात तसं छान. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू आलं नव्हतं. चाल सगळी वरच्या पट्टीत, व्हायोलिनवर आणि बासरीवर. मला रडूच यायला लागलं होतं.

मग ते कोंदट लावलं. आप्पांनी सहज ट्रंकेवर हात टेकला आणि एकदम पुढे सरकले. "आमचंच!" ते ओरडले. "अगं, ऐक की, ह्यो थर्ड! पॅं-पॅं!" मीही हात टेकला, पत्र्यातून थरथर येत होती. खरंच होता. खाली, जाड, न चुकता चाललेला. आई शेंगा ठेवून उठून आली. आप्पा तिला म्हणाले, "तू इचारलं हुतंस न्हवं, ह्यात तुमचं कंचं? हे बघ." आई ट्रंकेला हात लावून म्हणाली, "हे व्हय? मग ह्ये तर मला पाठच हाय."

"आणि वरची चाल येतीय का, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "न्हाई. आमचंच येतंय फकस्त."

मी स्पीकर बंद केला. त्यांच्या कानाशी बसले आणि जमेल तेवढ्या खालच्या आवाजात ती खट्याळ चाल म्हणायला लागले. आप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी त्यांचं "पॅं-पॅं" माझ्या खाली धरलं. आम्ही दोघं असे चाललो आणि ते थांबले तिथे मीही थांबले. लहानपणापासूनची सवय. मला तिथे पुढे जाताच येत नाही.

"तू का थांबलीस?" आप्पा म्हणाले. "रेस्ट माझी हाय, तुझी न्हाई. तू म्हण."

मी म्हणायला लागले. बघते तर आप्पांचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता, एक, दोन, तीन. मी म्हणता म्हणताच त्यांचं बोट धरलं आणि मूठ मिटवून माझ्या हातात ठेवली. त्यांनी ती सोडवली नाही. डोळे मिटून घेतले. आठ बार संपले, नववा सुरू झाला, दहावा गेला. मी एकटीच म्हणत होते.

"आवं," आई म्हणाली, "तुमचं आलं की! चुकलं!"

"चुकू दे," आप्पा म्हणाले. "ऐकतुया."