मन्नाएखेळ्ळीची बातमी

बीदरच्या बसस्टँडवर अप्पा पुण्याच्या गाडीच्या खिडकीखाली उभे होते. मी पत्रकारितेचं एम.ए. करायला निघाले होते. आमच्या गावात, मन्नाएखेळ्ळीत, लिंगायतांच्या घरातली पोरगी बी.एड. करते, फार तर बँकेची परीक्षा देते. गाडी हलली तसे अप्पा म्हणाले, "कामून रडायलीस? शिकायलाच जायलीस न्हवं?" आणि त्यांनीच तोंड फिरवलं.

विभागात कॅमेरे होते, पण कपाटात, कुलपात. सर जुन्या नोट्स वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. बातमीसाठी बाहेर कुणी एकदाही नेलं नाही. बोलण्याच्या तासाला माझं 'न्हाई' आणि 'व्हय' ऐकून वर्ग हसायचा. "आधी मराठी शीक," मॅडम म्हणाल्या. अम्माशी कन्नड, अप्पांशी मराठी बोलत वाढलेली मी होस्टेलच्या आरशासमोर 'नाही, नाही' घोकत बसायचे.

प्रकल्पासाठी मी आमच्या गावचा हायवे निवडला. फाट्यावर गतिरोधक नाही. अधूनमधून कुणीतरी गाडीखाली जातं. तिथंच चहाचं हॉटेल चालवणाऱ्या शिवप्पामामांनी फोनवर सगळं सांगितलं. "लिही बाई. आमचं कुणी ऐकायलं न्हाई."

सरांनी पहिलंच पान पाहिलं. "हे कर्नाटकात येतं. तिकडे आपला वाचक नाही. इथलं काहीतरी घे."

मी पुण्यातल्या पार्किंगवर लिहिलं. पहिला वर्ग मिळाला.

आता मी एका वेबसाइटच्या डेस्कवर आहे. दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे देते. गेल्या वर्षी भर शिफ्टमध्ये अम्माचा फोन आला. मामा पाण्याची घागर घेऊन रस्ता ओलांडत होते. ट्रक थांबलाच नाही.

रजा मागण्याआधी मी बातमी लिहिली. गतिरोधकाची मागणी, मामांच्या आधी गेलेल्यांची नावं, सगळं. आमचे संपादक वाईट माणूस नव्हेत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सॉरी गं. दोन ओळींपेक्षा जास्त नाही घेता येणार."

दोन ओळी गेल्या.

गावी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. मामीनं माझा हात घट्ट धरला. "तू तितं पेपरात हाईस, तरी बी कामून कुणी काई लिहीना गं?"

"मला माहीत नाही, मामी," मी म्हणाले. स्वच्छ, पुण्याच्या मराठीत. मामीनं क्षणभर माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं आणि हात सोडला.

तुम्ही जे तिकडंच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला एवढंच सांगते. माझ्यासाठी घर म्हणजे आता अशी जागा, जिथली बातमी माझ्या स्क्रीनवर कधीच येत नाही. ती फोनवर येते. कामाच्या वेळेत अम्माचं नाव दिसलं की मी खुर्चीवरून उठते, बाहेर जिन्यात जाऊन भिंतीला टेकते, आणि मगच फोन उचलते.