डावा मडगार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. स्वतःशी आठवायला बसले तरी मी गाडीतच अडकून राहते – पत्रा की फायबर, गंज, रंग – आणि खरी गोष्ट बाजूला राहते. आजही कदाचित तसंच होईल. तरी लिहिते.

गाडी आजोबांची. पोर्तुगीज राजवटीत बोटीने आलेली. आमच्या डिचोलीच्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली ती उभी असायची. पपांनी ती आयुष्यभर चालवली. काचबिंदूने त्यांची नजर गेल्यावरही रोज सकाळी ते तिच्यावरून हात फिरवायचे. पुढचा डावा मडगार्ड खालून गंजून चाळण झालाय, हे आधी त्यांच्या बोटांना कळलं. मला दिसत होतं – पण मी कधी नीट बघितलं होतं?

असल्या गाडीचा मडगार्ड आता कुठे विकत मिळत नाही. तो करून घ्यावा लागतो. हरमलला फायबरच्या होड्या बांधणारा एक माणूस होता. जुन्या मडगार्डावरूनच तो साचा काढणार, काचेच्या धाग्यांची चटई राळेत भिजवून थर देणार, आणि आठ-दहा दिवसांत वस्तू तयार. हलकी, कधी न गंजणारी. आमच्या हवेत ही काही लहान गोष्ट नाही. पपांना मात्र पत्राच हवा होता. ‘‘पत्र्याक पोचो पडलो जाल्यार ठोकून उजू करूं येता. फायबर फुटलो की फुटलो,’’ ते म्हणायचे.

आणि पत्रा म्हणजे विश्रामकाका.

विश्रामकाका मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीच्या ट्रकांचे हौदे ठोकायला तरुणपणी इकडे आले आणि सर्वणला राहिले. खाणी बंद पडल्या, तसं त्यांचं गॅरेजही बंद झालं. पण दर रविवारी ते आमच्याकडे यायचेच, गाडीला काही झालेलं असो वा नसो. बॉनेट उघडून पपांना जमीनदाराची हाक घालायचे, ‘‘भाटकारा, तुझी म्हातारी खोकता हा.’’ पपा म्हणायचे, ‘‘तुज्यापरस बरी मरे!’’ आणि दोघे असे हसायचे की शेजारच्या घरात ऐकू जावं. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असले, तर काका जाता जाता मला म्हणायचे, ‘‘काय गो बाय, पुस्तकात इतक्या काय लिवलेला आसता?’’ मी नुसती हसायचे. मला राग यायचा. का यायचा?

दसऱ्याला पपा गाडीची पूजा करायचे. गाडीला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांचा हार घालायचा. विश्रामकाका आपला हातोडा आणून बॉनेटवर ठेवायचे, त्यालाही हळद-कुंकू लागायचं, आणि मगच नारळ फुटायचा. त्यांच्यावाचून आमच्या घरी नारळ फुटल्याचं मला आठवत नाही.

काकांचा हात थरथरायला लागला होता. हे खरं आहे. चाकावरचा गोल पत्र्यातून हाताने काढायचा म्हणजे दोन-तीन महिने तरी लागले असते, तेही रोज आमच्या अंगणात ठोकत. मी शाळेच्या ग्रंथालयातल्या नोकरीवरून दमून यायची. मला शांतता हवी होती. हेही खरं आहे. इतकी वर्षं मी हीच दोन कारणं स्वतःला देत आले.

पण खरं कारण ते नाही. बहीण सासरी गेल्यावर आणि आई वारल्यावर त्या घरात पपा आणि मी दोघंच होतो. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, डोळ्यांत थेंब घालायची, जेवण वाढायची – आणि आमच्यात बोलणं काय व्हायचं? ‘‘जेवलंस?’’ ‘‘हो.’’ ते हसणं, तो आवाज, माझ्या वाट्याला कधी आला नाही. तीन महिने रोज ते ऐकायचं, रोज दोघांना चहा नेऊन द्यायचा – मला ते नको होतं. एवढंच. मला ते दोघे एकत्र नको होते.

मी सर्वणला गेले. विश्रामकाका अंगणात पुठ्ठ्यावर मडगार्डाचा आकार कापत बसले होते. मी म्हटलं, ‘‘काका, पपा फायबरचा घ्यायचं म्हणतायत. विश्रामाचा हात आता चालत नाही, म्हणाले.’’

काकांनी पुठ्ठा खाली ठेवला. ‘‘तसा म्हणालो तो?’’

मी मान हलवली. हो म्हटलंसुद्धा नाही. नुसती मान.

‘‘बरा,’’ ते म्हणाले.

घरी मी पपांना सांगितलं की, काका मडगार्ड सर्वणलाच करणार आहेत. मग हरमलचा मडगार्ड आला – काकांनी माणसाबरोबर पाठवलाय, मी म्हटलं – बसला, रंगला. पपांनी नखाने टकटक केलं, आणि थांबले. आवाज बद्द होता. मी म्हटलं, ‘‘गंजू नये म्हणून काकांनी आतून डांबर लावलंय.’’ पपांचा चेहरा उजळला. ‘‘विश्राम म्हणटकच तशें,’’ म्हणाले. किती वेळ ते त्या मडगार्डावरून हात फिरवत होते – आणि मी बघत होते.

मग रविवार आला. दुसरा आला. पपा फोन लाव म्हणायचे. मी फोन कानाला धरायची, थोडी थांबायची आणि म्हणायची, ‘‘उचलत नाहीत.’’ मी नंबर लावलेलाच नसायचा. आंधळ्या माणसासमोर.

दसऱ्याला त्यांनी नारळ हातात धरून ठेवला. दुपार झाली. ‘‘आगे, हांव तेका कितें वायट उलयलों काय गे?’’ त्यांनी विचारलं. मग स्वतःच जुने रविवार एकेक करून आठवू लागले – अमक्या दिवशी थट्टा केली ती लागली असेल का, तमक्या दिवशी जेवून जा म्हणायचं राहिलं होतं का. मी ऐकत बसले. त्या वेळी तरी एक वाक्य बोलता आलं नसतं? सर्वणला जायला रिक्षाने कितीसा वेळ लागतो?

शेवटी नारळ मी फोडला.

पौषात पपा गेले. बाराव्या दिवशी विश्रामकाका आले. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, ‘‘बाय, तेचा बोलणा खरा होता. माझो हात चलणाच नाय आता. मियाच उगीच राग धरून बसलंय, नि तेका शेवटचो बघूक पण इलंय नाय. तू काय मनात ठेव नको हां.’’

ते माझी क्षमा मागत होते. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत थोडा सांडला. मी विचारलं, ‘‘काका, साखर पुरे ना?’’

विश्रामकाका या चैत्रात वारले. पपांनी तसं कधी म्हटलंच नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.